राष्ट्रपतींच्या सहीमागचे डास

जलपर्णी वाढायला लागली की आमच्या घरातले डास राष्ट्रपतींच्या सहीमागे राहायला जातात.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर आईने जागा मोजून लावून घेतलेली एक फ्रेम आहे. वर ‘राष्ट्रपती स्काउट’, मध्ये माझं नाव, खाली देशाच्या पहिल्या नागरिकाची सही. फ्रेम भिंतीला नीट टेकत नाही, मागे बोटभर अंधार राहतो. बाहेर ऊन असेपर्यंत डास त्या अंधारात झोपा काढतात आणि दिवेलागणीला कामावर निघतात. मी रॅकेट घेऊन फ्रेमच्या खालच्या कडेला हलकी टिचकी मारतो. सात-आठ बाहेर पडतात, तडतड होते, जळक्या केसांसारखा वास येतो. आतून आई ओरडते, “काचेला लागेल हं! एवढा मानाचा कागद!”

मानाचा. सहीच्या बरोबर खाली, काचेवर, एका डासाचं रक्त लागलेलं असतं. बहुधा माझंच.

आमची सोसायटी तळवड्यात, इंद्रायणीपासून हाकेच्या अंतरावर. बिल्डरने ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून फ्लॅट विकला, आणि तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. थंडी सरता सरता पाण्यावर हिरवे ठिपके दिसायला लागतात. महाशिवरात्रीपर्यंत त्यांची घोंगडी होते. होळीला नदी उरतच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार, वर जांभळी फुलं. परवा लातूरहून आलेले पाहुणे बाल्कनीत उभे राहून म्हणाले, “काय सुंदर लॉन ठेवलंय हो तुमच्या सोसायटीनं!” मग वारा फिरला. पाहुणे आत आले आणि पोह्यांना नको म्हणाले.

तो वास कसा सांगायचा? सडलेल्या मेथीच्या जुडीत साबणाचं पाणी ओतावं, त्यात कोणाची तरी तुंबलेली मोरी, आणि सगळ्यावर एक गोडसर थर. तो गोडसर थरच वाईट. नाक दाबलं तरी घशात उतरतो. मला शिसारी येते, तर बायको खिडकी लावून घेते. तिचा काही दोष नाही. तिला काय माहीत, या वासाने माझ्या डोळ्यांपुढे नदी येत नाही, एक इस्त्रीचा गणवेश येतो, गळ्यात स्कार्फ, आणि आत छाती काढून उभा असलेला मी.

नववीतला मी. स्काउट म्हणून मी किती थोर होतो ते सांगतो. हातात होकायंत्र दिलं की मी उत्तर सोडून सगळीकडे जायचो. मी ठोकलेला तंबू पहिल्याच झुळकीत उठून शेजारी स्वयंपाक करणाऱ्या मुलींच्या खिचडीवर बसला होता. स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. ते माझ्या अंगात इतकं भिनलं की बक्षीस समारंभात मी नगरसेवकांपुढेही डावाच हात धरला. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. घरी येताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, “त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं रे?”

एकच गोष्ट मला यायची. गाठी. दोरी हातात आली की माझ्या बोटांना अक्कल फुटायची. दोरीचं टोक उसवू नये म्हणून त्याला बारीक सुतळीचे वेढे देतात. बाकीची पोरं तीन-चार वेढे मारून मोकळी व्हायची. मी अकरा द्यायचो, एकाला एक खेटून, मोजून. आप्पा म्हणायचे, “काही नाही झाला तरी गुरं बांधून पोट भरेल.”

आमच्या आठ जणांच्या संघाचा नायक होता रियाज. त्याच्या वडिलांचं तळवड्याच्या रस्त्याला गॅरेज होतं, शाळा सुटली की तो तिथे. त्याला सगळंच यायचं: नकाशा, प्रथमोपचार, एका काडीत चूल पेटवणं. आणि त्याचं सगळं ठरलेलं होतं. “रेल्वेत स्काउटचा कोटा असतो, भावा,” तो सांगायचा. “राष्ट्रपती झालो की अर्ज टाकता येतो. अब्बांसारखं गाडीखाली झोपून दिवस नाही काढायचे मला. मला गाडीत बसायचंय.”

मला काय हवं होतं? दहावीला वाढीव गुण मिळतात असं आप्पांनी शोधून काढलं होतं, आणि टीव्हीच्या वरची भिंत मोकळी होती. बस.

पुरस्काराच्या आधी परीक्षेचं एक शिबिर असतं. तिथे तुमची वही तपासतात: काय शिकलात, काय सेवा केलीत, कधी केलीत. आमचे स्काउट मास्तर गुंजाळ सर, एरवी चित्रकला शिकवायचे, त्यांनी सेवा नेमून दिली. चार रविवार नदीच्या घाटावरची जलपर्णी काढायची. दर रविवारची नोंद आणि सोबत फोटो.

पहिल्या रविवारी आम्ही आठही जण गेलो. मामाचा कॅमेरा माझ्या गळ्यात, त्यात छत्तीसचा रोल. जलपर्णी लांबून दिसते तशी नसते हे तेव्हा कळलं. वरून पान चकचकीत, पोपटी. उपटून वर घेतली की खाली काळ्या मुळांचा झुबका, कोणी तरी महिनाभर न विंचरलेल्या केसांसारखा, आणि त्यातून बारीक किडे मनगटावर चढायला लागतात. मुळांत काय काय अडकलेलं: निर्माल्याची पिशवी, दुधाच्या पिशव्या, एक गुलाबी चप्पल, लहान मुलीची, डाव्या पायाची. मी पहिली जुडी काढली आणि ओकलो. रियाज गुडघाभर पाण्यात उभा राहून खेचत होता. “नाकाने श्वास नको घेऊ, तोंडाने घे,” तो म्हणाला. मी तोंडाने घेतला. चव आली.

दोन तासांत घाटावर पुरुषभर उंचीचा ढीग झाला आणि पाण्यात सतरंजीएवढी जागा मोकळी झाली. अकराला रियाज गॅरेजवर गेला. “पुढच्या रविवारी विळे आणू,” असं म्हणत गेला.

तो वळणाआड गेला आणि माझं डोकं चाललं. गणवेशाचं एक बरं असतं, चारही रविवारी माणूस तसाच दिसतो. मी पोरांना म्हटलं, हे सगळं आजच उरकू. पायरीजवळ होड्या बांधायची लोखंडी कडी होती. ढिगाचा एक मोठा गठ्ठा आम्ही दोरीने करकचून आवळला, दुसरं टोक कडीला बांधलं आणि गठ्ठा पाण्यात लोटला. मग सगळ्यांनी ‘हय्या’ करून ओढायचा. फोटो. परत लोटायचा. जागा बदलून परत ओढायचा. फोटो. तिसऱ्या रविवारसाठी सगळ्यांनी केस ओले केले, चौथ्यासाठी भांग बदलले.

पायरीवर गावातले एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “आरं पोरांनो, काढताय का घालताय?”

“फोटो काढतोय, बाबा.”

“व्हय व्हय,” ते म्हणाले. “मग बराबर हाय.”

आता गोष्ट अशी, की तेव्हा रोल पूर्ण संपल्याशिवाय धुवायला देत नसत. उरलेले फोटो मामाला मावसबहिणीच्या बारशाला लागणार होते. समजा आमचेच फोटो हुकले, तर? परत एवढा गठ्ठा कोण बांधणार? म्हणून मी दूरदृष्टीने गठ्ठा तसाच कडीला बांधून पाण्यात ठेवला. गाठ पाण्याखाली गेली तरी सुटू नये अशी मारली. आयुष्यातली सगळ्यात चांगली गाठ. बारशाचे फोटो सुंदर आले, आमचेही आले, आणि गठ्ठा मी विसरून गेलो.

रियाजला मी सोमवारी सांगितलं की तीन रविवारची सोय झाली. तो म्हणाला, “सोय म्हणजे?” मी हसत हसत फोटोंचं सांगितलं. गठ्ठा बांधून ठेवल्याचं सांगायचं सुचलं नाही. तो हसला नाही. “तुमचं तुम्ही बघा. मला शिबिरात कोणी विचारलं तर माझे कान लाल होतात.”

मग तो एकटा जात राहिला. दुसरा रविवार, तिसरा रविवार. मी दोन्ही रविवारी अकराला उठलो, असं आठवतं.

वाहत्या पाण्यात काही बांधून ठेवलं की त्याच्यामागे सगळं येऊन अडतं. इंद्रायणी फेब्रुवारीत वाहते म्हणणं धाडसाचं आहे, पण जेवढी वाहते तेवढ्यात माझ्या गठ्ठ्यामागे आख्ख्या घाटाची जलपर्णी येऊन साचली. दहाव्याला आलेल्या लोकांना आंघोळीला पाणी सापडेना. तिसऱ्या रविवारी रियाजच्या लक्षात आलं की मध्ये कशाने तरी अडलंय. तो मोकळं करायला कमरेपर्यंत उतरला. ओली दोरी फुगलेली, गाठ हलेना, पाय खाली दोरीतच गुंतला, आणि तो सोडवताना कुठल्याशा फुटक्या पत्र्याने त्याची नडगी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत उघडली. त्या पाण्यात. आठवडाभरात पाय भोपळ्यासारखा सुजला, पू झाला, दवाखान्यात ठेवलं. शिबिराला दहा दिवस उरले होते.

मी भेटायला गेलो. द्राक्षं घेऊन. रियाज उशीला टेकून बसला होता, पायाखाली दोन गाद्या. औषधाच्या वासाखालून तोच गोडसर वास येत होता. पट्टीतून.

“कोणी तरी ढीग कडीला बांधून ठेवला होता,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “गाठ सुटेचना. कोणी बांधला असेल रे?”

मी म्हटलं, “लोकं पण ना, राव.”

आणि द्राक्ष तोंडात टाकलं. हे मला नको तितकं स्पष्ट आठवतं. एक टाकलं, मग दुसरं. निघालो तेव्हा त्याच्यासाठी नेलेल्या द्राक्षांची देठं त्याच्या टेबलावर होती.

शिबिराला मी गेलो. परीक्षकांनी गाठी मारायला सांगितल्या. मी मारल्या. त्यांनी एक ओढून बघितली, दोन्ही हातांनी ओढून बघितली, आणि म्हणाले, “वा! ही काही सुटायची नाही.” माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. मग त्यांनी वही उघडली. चार रविवार, चार फोटो. चारही फोटोंत ढिगाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, एक गुलाबी चप्पल. डाव्या पायाची. ते थांबले. पान मागे घेतलं, पुढे घेतलं.

“ही चप्पल कोणाची?”

“वाहून आलेली, सर.”

“दर रविवारी?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारी उभ्या गुंजाळ सरांकडे बघितलं, आणि सही केली. पुढे कागद आला, फ्रेम आली, आईने पेढे वाटले. रियाजचं पुढचं वर्ष दहावीचं होतं, त्याचा गणवेश माळ्यावर गेला.

आता खरी घाण सांगतो. ही गोष्ट मी गेली वीसेक वर्षं विनोद म्हणून सांगत आलोय. चाकणच्या ज्या कंपनीत मी आहे, तिच्या कॅन्टीनमध्ये नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट ऐकावीच लागते. भांग बदलले, तिथे पहिला हशा. आजोबांना, दुसरा. चपलेला लोक टेबल बडवतात. त्या गोष्टीत रियाज नाही. असं कधी ठरवलं नव्हतं. दोन-तीनदा सांगितल्यावर तो आपोआप गळाला. त्याच्या ठिकाणी हसू थांबायचं ना.

आणि मी कंपनीत काय करतो? क्वालिटी. लाइनवरची पोरं दर तासाला माप घेऊन चेकशीट भरतात, किंवा न घेता भरतात. आठ तासांच्या नोंदी एका बैठकीत भरलेल्या असल्या की मला लांबून कळतं. एकच पेन, अक्षराचा एकच कल, सकाळचा आणि दुपारचा आकडा सारखाच ताजा. कुरुळीच्या चौकात बस अडकली की मी शेजारच्याला हे अभिमानाने समजावतो. घरी जेवतानाही सांगतो. “पेन तरी बदला रे गाढवांनो!” असं म्हणतो आणि सगळे हसतात.

गेल्या शनिवारी माझी मुलगी सई वही घेऊन आली. सहावीत आहे, यंदा शाळेच्या गाइड पथकात गेली. सेवाकार्य: नदीकाठची जलपर्णी. चार रविवार. पालकांची सही.

“बाबा, चारही सह्या आत्ताच करून टाका ना. सगळ्यांच्या आईबाबांनी केल्यात.” मग तिने दोन पेनं पुढे केली, एक निळं, एक काळं. “फक्त पेन बदला हं मधे.”

मी पहिली सही केलीसुद्धा. हात किती मऊ चालला! दुसऱ्या रकान्यावर निळं टेकवलं आणि बाल्कनीतून वारा आला. घशात तो गोडसर थर. मी पेन ठेवून चप्पल घातली आणि स्कूटर काढली. ब्रेक लागत नव्हते, ते खरंच लागत नव्हते. पण ब्रेकसाठी गेलो असं मी सांगत नाही.

रियाजचं गॅरेज तिथेच आहे. आता मोठं केलंय, हाताखाली दोन माणसं आहेत. आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा भेटतो, माझ्या गाड्या त्याच्याकडेच जातात. तो एका गाडीखाली पाठीवर झोपलेला होता. बाहेर फक्त पाय. उजव्या पायाची पँट वर सरकलेली, आणि नडगीवर घोट्यापर्यंत एक चकचकीत पट्टा, केस नसलेला.

त्या पायांशी बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, “रियाज, ती गाठ माझी होती.”

कुठली, असं त्याने विचारलं नाही. पान्याचा आवाजही थांबला नाही.

“माहितीये.”

“कधीपासून?”

“पाण्यात होतो तेव्हापासून. टोकाचे वेढे बोटांनी मोजले मी. अकरा. पाय अडकलेला, दुसरं काम काय होतं?”

“मग दवाखान्यात—”

“दवाखान्यात मी तुला विचारत होतो, भावा. तू द्राक्षं खाल्लीस.”

मग, माणूस किती खाली जाऊ शकतो बघा, मी त्यालाच म्हटलं, “सरांना तरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं ना. अब्बांनी उचलून नेलं होतं मला शाळेत. सर म्हणाले, तुझं तर गेलंच, आता त्याचं कशाला घालवतोस? शाळेचा एक तरी होऊ दे. चप्पल त्यांना पण दिसली होती, राव. फोटो त्यांनीच चिकटवून घेतले ना तुमच्याकडून? म्हणाले, मी बोलून ठेवतो वर, फार विचारणार नाहीत.” पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. “अब्बा म्हणाले, चल.”

इतकी वर्षं मला स्वतःची किळस यायची, पण त्या किळसेत थोडी शेखी होती. वाईट असेन, पण पोहोचलेला होतो, सगळ्यांना फसवून पुढे गेलो! फसवलं कोणालाच नव्हतं. सरांना दिसत होतं, परीक्षकांना दिसत होतं, रियाजने बोटांनी मोजलं होतं. सगळ्यांनी मिळून नाक दाबून मला दोरीने ओढून वर काढलं, फोटोपुरतं. तो गठ्ठा आम्ही काढला तसं. मुळांतल्या घाणीसकट.

रियाज फळीवरून सरकत बाहेर आला. उठून बसला. “आज का सांगतोयस पण?”

मी सईच्या वहीचं सांगितलं. दोन पेनांचं.

“म्हणजे पोरीसाठी सांगितलंस,” तो म्हणाला. “ठीक आहे.”

मी डावा हात पुढे केला. सवय. रियाजने त्याच्याकडे बघितलं. हात काळे असले की मेकॅनिक गिऱ्हाइकाला मनगट पुढे करतो, मी बघतो ना, मलाही नेहमी करतो. “हात काळेत माझे,” तो म्हणाला आणि मनगटही पुढे न करता स्कूटरचे ब्रेक बघायला वाकला.

रविवारी सकाळी सईला घेऊन घाटावर गेलो. वहीत एक सही, तीन रकाने कोरे. आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. कडी अजून आहे, गंजून निम्मी झालेली. मी पँट दुमडून उतरलो, ती पायरीवरून खेचायला लागली. पहिल्याच जुडीची काळी मुळं तिच्या मनगटावर आली आणि ती किंचाळली. दीड तासात सतरंजीएवढी जागा मोकळी झाली. पाणी प्यायला बसलो तोवर ती भरूनही आली.

“बाबा, तुम्ही चार रविवार केलंत हे?”

“एक,” मी म्हटलं. “तोही अर्धा.” मग उरलेलं सांगितलं. या खेपेला रियाजसकट. हशाच्या जागा आल्या तिथे मी न थांबता पुढे गेलो. द्राक्षंही सांगितली.

रियाजकाकांना ती ओळखते. तिच्या सायकलची चेन तेच बसवतात. मघाशी हातातल्या मुळांकडे बघितलं होतं, तसंच तिने माझ्याकडे बघितलं, आणि हात झग्याला पुसले.

संध्याकाळी आईने दिवा लावला आणि आतून हाक मारली, “सई, बाबाला रॅकेट दे गं, फ्रेममागे बघ किती झालेत.” सई रॅकेट घेऊन आली. मी हात पुढे केला. तिने ती मला दिली नाही. खुर्ची ओढली, वर चढली आणि रॅकेटच्या दांड्याने फ्रेमवर मारलं. जोरात.

“अगं, काचेला लागेल!” आई ओरडली.

“लागू दे,” सई म्हणाली.